वेढे आणि टोकं

वेढेअण्णांच्या घरात सगळी बटणं जागेवर असलेला एकही शर्ट सापडत नसे. कारण अण्णा तारेचे वेढे मोजायचे ते बटणांवर. त्यांच्या तार गुंडाळायच्या हातमशीनशेजारी दोन वाट्या ठेवलेल्या असत. दांडा फिरवून दहा वेढे घातले, की डाव्या वाटीतलं एक बटण उजव्या वाटीत जाई. मग पुढचे दहा. मध्ये कोणी हाक मारो, दारात टपालवाला उभा राहो की आभाळ कोसळो, हातातले दहा पुरे झाल्याशिवाय अण्णांची मान वर होत नसे. त्यांची बायको शेजारणींना सांगायची, की आमचा माणूस जिनासुद्धा दहा-दहा पायऱ्या मोजून चढतो, आणि जेवायला बोलावलं तर आधी एक बटण सरकवतो, मग ताटावर बसतो.

त्यांचं खरं नाव घरपट्टीच्या पावतीपुरतं उरलं होतं. सगळा गाव त्यांना वेढेअण्णाच म्हणे. खाली दुकान, वर घर. दुकानात शिरलं की व्हार्निशचा उग्र वास नाकात भरायचा. भिंतीवरच्या खिळ्यांना तारेची रिळं लटकलेली असत, लाल, पिवळी, काळपट तांबडी. अण्णांनी तिथे पंपाच्या मोटारी भरल्या, शाळेच्या घंटेची कॉइल भरली, जुन्या रेडिओंच्या बोटभर कॉइल भरल्या. हा धंदा त्यांना कोणी शिकवला नव्हता. जळालेली मोटार उघडायची, जळकी तार एकेक वेढा मोजत सोडवायची, आणि जशी निघाली तशी नवी घालायची. मेलेल्याचं पोट फाडून जिवंताचं शरीर शिकावं, तसं ते शिकले होते. आणि या शिकण्याचा त्यांना अभिमान होता. तो ते लपवतही नसत.

आता मात्र हात थरथरू लागले होते.

आधी ते फक्त अण्णांनाच कळलं होतं. चहाचा कप बशीवर ठेवताना बारीक आवाज व्हायचा. मग बायकोला कळलं आणि ती कप काठोकाठ भरेनाशी झाली. गंमत अशी, की दांडा फिरवताना हात थरथरत नसे. एक हात दांड्यावर, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सरकतेय, अशा वेळी ते हात पूर्वीचेच असायचे. थरथर यायची ती काम संपल्यावर, जोराचं काम संपून नाजूक काम उरलं की. तारेची टोकं खरवडून त्यांना वितळलेल्या कथलाचा डाख द्यायची वेळ आली की.

आणि गेल्या महिन्यात एक कॉइल परत आली.

समुद्राच्या काठाला एक संकेत केंद्र होतं. धुक्यात, अंधारात होड्यांना दिशा कळावी म्हणून तिथून रेडिओचा संकेत सतत सुटायचा. उंच खांबावर ताणलेली तार आणि खोलीत ठेवलेली ही भलीमोठी कॉइल, दोघांची जोडी नीट जुळली तरच तो संकेत लांबवर जायचा. कॉइलची तारही साधी नव्हती. केसासारख्या बारीक तारांना एकत्र पीळ दिलेला, प्रत्येक तारेवर वेगळा लेप, आणि वरून सुताचं वेष्टण. अशी कॉइल भरायला मशीनवाले तयार नसत, म्हणून केंद्रावरचे साहेब अण्णांकडे येत. इतकी वर्षं एकही तक्रार नव्हती. गेल्या महिन्यात साहेबांनी कापडात गुंडाळून कॉइल परत आणली तेव्हा तिचं एक टोक कोळशासारखं काळं पडलं होतं. बाहेरगावच्या एका कारखान्याचा रंगीत कागद त्यांच्या खिशातून डोकावत होता, तेवढं अण्णांनी पाहिलं.

त्या दिवशी अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले होते, की नवी कॉइल भरून देतो. ती तपासा. नापास झाली तर त्या दिवसापासून मी तारेला हात लावणार नाही.

बायको मागे उभी होती. तिने कपाळावर हात मारला. तोंडातून गेलेला शब्द अण्णांनी कधी गिळलेला नव्हता, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार.

तपासणार होती त्यांचीच लेक. लेकीने दिवसा दुकान सांभाळत संध्याकाळच्या वर्गांना जाऊन विजेचं शिक्षण पुरं केलं होतं. तिचं म्हणणं होतं, की नुसती मीटरची सुई हलली म्हणजे कॉइल चांगली, हे दिवस गेले. तिने कुठूनतरी जुना स्कोप मिळवला होता, त्याच्या काचेवर हिरवी रेघ नाचायची. शेजारी सिग्नल देणारी पेटी. आणि हे सगळं मांडायला तिने नवं टेबल आणलं होतं. अण्णांचं जुनं टेबल म्हणजे चार ठोकळ्यांवर टाकलेली एक जाड फळी. तिचा एक ठोकळा वाळवीने खाल्ला होता, आणि टेबल हलायचं. नवं टेबल भक्कम, चांगल्या पोलादी पत्र्याचं, वर हिरव्या रबराची चटई. लेक त्यावरून रोज ओलं फडकं फिरवायची. अण्णा म्हणायचे, टेबल कसलं, बर्फाची लादी आहे. हात ठेवला की थंडी वाजते. फळी मागच्या अंगणात गेली, आणि तिच्यावर अण्णांची बायको धुतलेली भांडी उपडी घालू लागली.

लेकीने बापाला दोन्ही तपासण्या समजावून सांगितल्या होत्या. कॉइल आणि कंडेन्सर एकापुढे एक जोडले, की त्यांचा मिळून एक झोका होतो, असं ती म्हणाली. झोक्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत धक्के दिले तर तो उंच जातो, भलत्या वेळी दिले तर अडखळतो. पेटीची चकती हळूहळू फिरवून आपण वेगवेगळ्या लयीत धक्के द्यायचे. चांगल्या कॉइलचा झोका नेमक्या एकाच जागी एकदम उंच उसळतो, आणि चकती केसभर पुढे गेली की खाली येतो. उंच, निमुळता सुळका. वाईट कॉइलचं नुसतं टेकाड होतं, बुटकं आणि पसरट. ही पहिली तपासणी. दुसरीत एकच धक्का द्यायचा आणि हात मागे घ्यायचा. मग झोका आपणहून किती वेळ हलत राहतो ते पाहायचं. कडी गंजलेली असेल तर तो लगेच थांबणार.

अण्णा म्हणाले होते, म्हणजे भांडं वाजवून बघणं. चांगलं पितळ घुमत राहतं, चीर गेलेलं भांडं थद्द करून गप्प होतं.

लेक हसली होती. म्हणाली, तेच. फक्त ऐकायचं नाही, काचेवर बघायचं.

आज ती दुपार आली. साहेब गाडी घेऊन आले होते आणि भिंतीकडेच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. केंद्रावर सध्या एक जुनी, कमजोर कॉइल कशीबशी तग धरून होती, आणि समुद्रावर धुकं उतरायच्या आत नवी बसवायची होती. अण्णांची बायको पाणी देऊन गेली आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली. वर जायला काही निमित्त नव्हतं, खाली थांबायलाही नव्हतं, म्हणून जिन्यावर.

कॉइल घागरीएवढी होती. लाकडी पट्ट्यांचा गोल पिंजरा, आणि त्यावर दोऱ्याएवढं अंतर राखत एकाशेजारी एक बसलेले सुती वेढे. नांगरलेल्या शेताच्या सऱ्या दिसाव्यात तसे. कुठे एक वेढा वर नाही, एक खाली नाही. लेकीने ती नव्या टेबलाच्या मधोमध ठेवली, दातेरी चिमट्यांनी कंडेन्सर जोडला, एक छोटा रेझिस्टर जोडला, पेटी चालू केली. अण्णा मशीनजवळच्या स्टुलावर बसले. त्यांनी काचेकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. ते लेकीच्या पाठीकडे पाहत होते. बापाला लेकीची पाठ वाचता येते.

लेक चकती फिरवत होती. हळूहळू. मध्येच थांबली. परत मागे आली. पुन्हा फिरवली. तिचे खांदे जरासे वर चढले आणि तिथेच राहिले.

अण्णांचा हात मशीनच्या दांड्यावर गेला.

तिने चिमटे काढून परत लावले. कंडेन्सर बदलून दुसरा लावला. वायर हलवून पाहिली. पुन्हा चकती. खोलीत सिग्नलच्या पेटीच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. साहेबांनी टोपी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

मग तिने दुसऱ्या तपासणीचं बटण दाबलं, आणि काचेकडे पाहत राहिली. फार वेळ. अण्णांना वाटलं, ही आता वळेल. ती वळली नाही.

"काय म्हणतंय भांडं?" अण्णांनी शेवटी विचारलं.

लेकीने आवाज खाली ठेवला. ती म्हणाली, की सुळका उठत नाहीये. टेकाड होतंय. आणि तेही जिथे यायला हवं तिथे नाही, थोडं वर सरकलंय. धक्का दिला की झोका लगेच मरतो. दोन्ही तपासण्या एकच सांगताहेत.

"काय सांगताहेत?"

तिने पेटीवरचा हात काढला. मग जो प्रश्न ती मघापासून टाळत होती तो तिने विचारला.

"अण्णा, वेढे कमी तर नाही ना पडले?"

जिन्यावर बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला. अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात थरथरतात म्हणाली असती, डोळे गेले म्हणाली असती, तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. त्याची त्यांनी मनात तयारी केली होती. पण वेढे? ते उठले. उजवी वाटी उचलून त्यांनी टेबलावर आपटली. बटणं रबरावर उडाली, शिंपल्याची, लाकडाची, एक कोटाचं मोठं पितळी.

"मोज," ते म्हणाले.

लेक म्हणाली, की मोजायची गरज नाही, तिला फक्त विचारायचं होतं. कदाचित वेढे बरोबर असतील आणि आत कुठेतरी दोन वेढे एकमेकांना चिकटले असतील. लेप खरवडला गेला असेल. तसं झालं तरी असंच दिसतं. तिचा आवाज आता दुकानातला राहिला नव्हता, लहानपणी काही फोडलं की लागायचा तसा लागला होता.

खुर्चीतून साहेब अदबीने म्हणाले, की अण्णांच्या कामाबद्दल कोणाला शंका नाही. वय तर सगळ्यांचंच होतं. तोवर दुसरीकडून एखादी मागवता येईल.

वय. तो शब्द अण्णांनी ऐकला आणि त्यांना वाटलं, की आपला राग एकदम कुठे निघून गेला. राग गेल्यावर जे उरलं ते फार थंड होतं. काचेवरची ती हिरवी रेघ त्यांनी आता पहिल्यांदा पाहिली. रेघ डावीकडे उसळत होती, चार-दोन हिसके देऊन सपाट होत होती. उसळत होती, सपाट होत होती. चीर गेलेलं भांडं. शब्द त्यांनीच दिला होता, कोणी मागितला नव्हता. भिंतीवरच्या रिळांकडे त्यांची नजर गेली. उद्यापासून ती कोण उतरवणार, आणि आपण या खोलीत बसायचं कुठे, असला भलताच विचार त्यांच्या मनात आला. स्टुलावर तर बसता येणार नाही. स्टूल मशीनचं आहे.

"ठीक आहे," ते म्हणाले. "ही मी घेऊन जातो वर. कोणाला द्यायची नाही."

लेकीने अण्णा, अण्णा म्हणत हात पुढे केला. त्यांनी ऐकलं नाही. चिमटे सोडायचंही त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी कॉइलच्या पिंजऱ्याला दोन्ही बाजूंनी पकडलं आणि ती उचलली. वजन चांगलंच होतं. वायर ताणल्या गेल्या, कंडेन्सर त्यांच्या मनगटाजवळ लोंबकळू लागला. त्यांनी पाठ फिरवली आणि जिन्याकडे एक पाऊल टाकलं.

"अण्णा, हलू नका."

हा आवाज वेगळा होता. विजेच्या खांबावर चढलेल्या माणसाला खालून हाक मारावी तसा. अण्णांचे पाय जिथल्या तिथे थबकले.

"आहे तिथेच उभे राहा. कॉइल खाली आणू नका. अंगापासून जरा लांब धरा."

अण्णांना काही कळेना. पाठीमागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. समोर जिना, जिन्यावर बायको. तिचं तोंड उघडं राहिलं होतं, आणि ती त्यांच्याकडे नाही, त्यांच्या खांद्यावरून पलीकडे काचेकडे पाहत होती. मागे चकतीची बारीक करकर ऐकू आली. मग लेकीचा श्वास.

त्यांच्या दंडांना कळ येऊ लागली. इतकं वजन अंगापासून लांब धरायचं म्हणजे तरण्याताठ्यालाही जड. बोटं पट्टीच्या कडेत रुतत होती. आणि मग, ज्याची त्यांना भीती होती तेच झालं. डाव्या मनगटात थरथर सुरू झाली. आधी बारीक, मग कोपरापर्यंत. लोंबकळणारा कंडेन्सर हलू लागला. साहेब उठून पुढे आले आणि म्हणाले, द्या इकडे, मी धरतो.

"कोणी हात लावायचा नाही," अण्णा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, आणि मनातल्या मनात वेढे मोजू लागले. एक, दोन, तीन. दहा झाले की एक बटण. आयुष्यभर याच तालावर हे हात स्थिर राहिले होते. हळूहळू थरथर उतरली. गेली नाही, पण बसली, जसं दमलेलं जनावर बसतं.

"आई," लेक म्हणाली, "अंगणातली फळी आण. आणि दोन लाकडी स्टुलं."

बायको उठली ती पळतच गेली. मागच्या अंगणात भांडी घरंगळल्याचा मोठा आवाज झाला. एरवी त्या आवाजावर अण्णांनी दोन शब्द ऐकवले असते. फळी आली, ओली, साबणाचा वास येणारी. साहेबांनी आणि बायकोने ती दोन स्टुलांवर टाकली, नव्या टेबलापासून लांब, खोलीच्या मध्यावर. लेकीने फडक्याने ती खसाखसा पुसली. मग तिने बापाच्या कोपराखाली हात घातला आणि दोघांनी मिळून कॉइल फळीवर ठेवली.

अण्णा वळले. काचेवर रेघ डावीकडे उसळली, आणि यावेळी मेली नाही. दाट लाटांचा एक लांब झुपका, हळूहळू निमुळता होत, जवळजवळ काचेच्या दुसऱ्या कडेपर्यंत गेला. पुन्हा उसळला, पुन्हा तसाच गेला. ऐकू काहीच येत नव्हतं, पण अण्णांच्या कानात पितळ घुमलं.

"हे काय झालं?" साहेबांनी विचारलं.

लेक खाली बसली होती. तिने नव्या टेबलावरची हिरव्या रबराची कड उचलली आणि खालच्या पोलादावर टिचकी मारली. मग ती साहेबांशी नाही, बापाशी बोलू लागली. टेबलाने कॉइल खाल्ली, असं ती म्हणाली. एवढी मोठी, उघडी कॉइल. तिचं चुंबकी बळ तिच्या आत मावत नाही, चहूबाजूंना पसरतं. खाली पोलादाचा पत्रा आला, की त्यातही आपोआप प्रवाह फिरू लागतो आणि सगळं बळ त्यात जिरून जातं. सुळक्याचं टेकाड होतं, जागाही सरकते, जणू वेढे कमी पडलेत. आतापर्यंत या टेबलावर बंद गोल गाभ्यावर भरलेल्या लहान कॉइलच आल्या होत्या. त्यांचं बळ त्या गाभ्यातच राहायचं, म्हणून कळलं नाही. आणि रबर दिसत होतं, लोखंड दिसत नव्हतं.

"दोन तपासण्या केल्या, दोन्हींचं जुळलं, म्हणून मी विश्वास ठेवला," ती म्हणाली.

"दोन्ही साक्षीदार एकाच ताटात जेवलेले होते," बायको मागून म्हणाली. "जुळणारच. माझी फळी पुसून-पुसून झिजली, पण कधी खोटं बोलली नाही."

साहेब हसले. लेकही हसली, आणि हसता-हसता तिने डोळे पुसले. बापाच्या हातांवर आळ घेतला आणि तोही तिच्याच टेबलाच्या जिवावर, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. ती काहीतरी बोलणार होती. अण्णांनी मानेनेच नको म्हटलं. त्यांचं लक्ष काचेकडे होतं.

"हा झुपका कडेपर्यंत का जात नाही?" त्यांनी विचारलं.

लेक काचेवरून नजर काढून उभी राहिली. मग म्हणाली, की आता पुष्कळ चांगलं आहे. चालेल.

"चालेल की चांगलं आहे?"

साहेब मध्ये पडले. म्हणाले, केंद्रावर सध्या जी आहे तिच्यापेक्षा ही कितीतरी सरस आहे, ते आत्ता गाडीत घालून घेऊन जायला तयार आहेत. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते लेकीच्या तोंडाकडे पाहत होते, आणि ती हिशेब करतेय हे त्यांना दिसत होतं. खरं सांगावं की बापाला जपावं, याचा हिशेब. तो हिशेब तिला आज दुसऱ्यांदा करावा लागत होता.

"आणखी जायला हवा होता," ती शेवटी म्हणाली. "सुळकाही आणखी बारीक हवा होता. थोडं कुठेतरी जिरतंय अजून. या वेळी टेबल नाही."

खोलीत पुन्हा ताण आला. जिंकलेला डाव हातात असताना कोणी पत्ते परत उलटे करत नाही. अण्णांनी ते केलं. ते फळीपाशी गुडघ्यांवर बसले, भिंग मागितलं, आणि कॉइलचं खालचं टोक उजेडाकडे वळवलं. पिळातल्या सगळ्या बारीक तारा तिथे एका डाखात एकत्र येत होत्या. गोल, चकचकीत थेंब. वरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. अण्णांनी नखाने थेंबाची कड खरवडली. मग सुईच्या टोकाने. भिंगाखाली सुईचं टोक थरथरत होतं, आणि लेक शेजारी बसून ते पाहत होती, आणि अण्णांनी ते लपवलं नाही.

थेंबाच्या पाठीमागून तीन केस बाहेर आले. तीन तारा. त्यांच्यावरचा लेप तसाच होता, तांबूस, शाबूत. त्यांना कथील लागलंच नव्हतं. थेंबात त्या नुसत्या बुडाल्या होत्या, जोडल्या गेल्या नव्हत्या. साध्या मीटरला ते कधी कळलं नसतं. पण केंद्रावर सतत भार घेताना बाकीच्या तारांवर तेवढंच ओझं वाढलं असतं, टोक तापलं असतं.

गेल्या महिन्यातली कॉइलही टोकालाच काळी पडली होती.

अण्णा बराच वेळ ते तीन केस पाहत राहिले. शब्द दिला होता, की नापास झाली तर तार सोडीन. आता ही पास म्हणायची की नापास? वेढे एकूण एक बरोबर होते, हे लेकीच्या काचेने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. टोकं नव्हती. एकाच माणसाचे दोन हात, एकाच कॉइलवर, आणि एक खरा ठरला, दुसरा खोटा. त्यांनी गुडघ्यावर हात टेकला. उठायला लेकीने हात दिला, तो त्यांनी घेतला. एरवी घेत नसत.

"डाखाची कांब तापव," ते म्हणाले. "टोकं तू कर. माझ्यासमोर. आजपासून टोकं तुझी."

"आणि वेढे?" लेकीने विचारलं.

"वेढे तुला कुठले जमायला?" अण्णा म्हणाले. "सातच्या पुढे मोजताना लहानपणापासून तुला जांभई येते."

साहेबांनी टोपी घातली होती ती पुन्हा काढून मांडीवर ठेवली आणि खुर्चीत बसले. आणखी थांबायला त्यांची हरकत नव्हती. खिशातला रंगीत कागद त्यांनी आधीच घडी घालून आत सारला होता, किंवा अण्णांना तसं वाटलं.

लेकीने टोक कापलं. प्रत्येक तार सुटी केली, खरवडली, भिंगाखाली तपासली. अण्णा मागे उभे राहून सांगत होते, ही राहिली, ती राहिली, घाई करू नको, डाख पाण्यासारखा पसरला पाहिजे, थेंब होता कामा नये. एकदा तिने चिडून मान वर केली आणि म्हणाली, की मागे उभं राहून श्वास सोडू नका, तारा उडतात. अण्णा दोन पावलं मागे सरकले. जिन्यावरून बायको म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे सांगायचं धाडस झालं नाही.

टोक पुन्हा जोडलं. चकती फिरली. सुळका उठला, तो पुरा. मग एकच धक्का. झुपका काचेच्या कडेपर्यंत गेला आणि कडेच्या पलीकडे गेला. त्याचं शेपूट काचेत मावेना. लेकीने स्कोपची चकती फिरवून काचेवरचं चित्र आखूड केलं, तेव्हा कुठे ते शेवटी निमुळतं होऊन मिटलं.

साहेबांनी कॉइल स्वतः उचलून गाडीत नेली, आणि निघताना सांगून गेले, की आणखी एक भरून ठेवा, जोडीला असावी. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी अण्णा आत आले. हिरव्या रबरावर पसरलेली बटणं त्यांनी एकेक गोळा केली. शिंपल्याची, लाकडाची, कोटाचं पितळी. बोटं थरथरत होती. एक बटण दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा हाती आलं. सगळी त्यांनी डाव्या वाटीत ओतली. नवी कॉइल म्हणजे पुन्हा डाव्या वाटीपासून.

बायको जिन्यावरून खाली आली, वाटीत डोकावली, आणि म्हणाली, की पोरीच्या बाहीचं बटण तुटलंय, यातलं एक द्या.

"देता येणार नाही," अण्णा म्हणाले. "उद्या वेढे कमी पडले तर कोणाला विचाराल?"